सरपंचाची साक्ष

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही — देवापुढं हात जोडतो तेव्हासुद्धा हा विषय शिताफीनं टाळून मी मुलीची परीक्षा, आईचे गुडघे असल्या गोष्टींवर येतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची-माझी ओळख नाही, आणि तुम्ही बबनभाऊला कधी भेटाल असं वाटत नाही. भेटलात तर — असो. आधी माझं सांगून तर होऊ द्या.

तशी माझ्या नावावर बारीकसारीक पापं पुष्कळ आहेत. शेजाऱ्यांच्या दारातला पेपर मी त्यांच्याआधी वाचतो आणि घडी घालून परत ठेवतो. लग्नात माइकवरून नवरदेवाला ‘उच्चशिक्षित’ म्हणतो, तेव्हा तो काय शिकलाय हे मला माहीत नसतं. पण असल्या पापांसाठी कुणी एवढी प्रस्तावना करतं का? मी करतोय, त्यावरून काय ते समजा.

मी मूळचा लातूरकडचा. भोसरीत एका कंपनीत असेंब्ली लाइनवर होतो. लाइनवर बोलायला बंदी होती, आणि सुपरवायझर असा होता की त्याच्याविषयी बोलल्याशिवाय राहवायचं नाही. त्यामुळं आम्ही सगळेच ओठ न हलवता बोलायला शिकलो. मी त्यात जरा जास्तच तयार झालो. मी बोलायचो आणि सुपरवायझर तिसऱ्याच माणसाकडं बघायचा. पुढं ती लाइन बंद पडली, मी माइक हातात धरला आणि सूत्रसंचालक झालो. लग्न, वाढदिवस, कंपन्यांचे फॅमिली डे. पण खरं सांगू? लोक सूत्रसंचालकाचं ऐकत नाहीत. तो बोलत असताना ते जेवणाची रांग कुठून सुरू होते ते बघतात.

बबनभाऊ भेटला तो अशाच एका फॅमिली डेला. चाकणजवळच्या गावातला जुना शेतकरी, आता कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो. एमआयडीसीत जमीन गेली तेव्हा गावातल्या बाकीच्यांनी मोठ्या पांढऱ्या गाड्या घेतल्या. भाऊनं इग्वाना घेतला, हातभर लांबीचा हिरवा सरडा. मग एक परदेशी कासव, मग एक अजगर, आणि शेवटी आफ्रिकेतला राखाडी पोपट, लाल शेपटीचा. सगळे रीतसर कागदपत्रांसह. गाव हसलं. भाऊचं म्हणणं एवढंच होतं की आमच्या पोरांनी कंटेनर आणि क्रेनशिवाय काही हलताना बघितलेलं नाही, त्यांना जरा जीव असलेलं काहीतरी दिसू दे. त्यातून ‘जंगल आपल्या दारी’ हा आमचा कार्यक्रम निघाला. टेम्पो भाऊचा, जनावरं भाऊची, बडबड माझी. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून शाळा गुरुवारी आणि वाढदिवस रविवारी.

पोपटाचं नाव सरपंच. हा चांगला बोलतो असं विकणाऱ्यानं भाऊला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. सरपंच एक अक्षर बोलायचा नाही. भाऊ शिफ्टवरून आला की तास तास त्याच्यासमोर बसायचा, त्याला बाळा म्हणायचा, दिवसभराचं सगळं सांगायचा. सरपंच मान वाकडी करून ऐकायचा आणि शेंगदाणा खायचा. खऱ्या सरपंचांशीही गावाचा अनुभव फारसा वेगळा नव्हता, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. भाऊनं मात्र घेतलं होतं.

तर — तळेगावची एक शाळा. पहिलाच मोठा कार्यक्रम. भाऊनं सरपंचाला खांद्यावर घेतलं आणि सगळ्या पोरांना सांगून बसला की हा आता तुमच्याशी बोलणार. पोरं गप्प. सरपंच त्याहून गप्प. भाऊनं विनवलं, मिरची दाखवली, पुन्हा विनवलं. मागच्या रांगेतली पोरं हसायला लागली आणि भाऊचे कान लाल झाले. मी शेजारीच उभा होतो, तोंडाला मास्क. कशाला? वाटेतल्या धुळीनं, दुसरं काही नाही. आणि मला त्याचे लाल कान बघवले नाहीत. माझ्या तोंडून, म्हणजे माझ्या नव्हेच, पातळ चिरक्या आवाजात निघालं — ‘नमस्कार मंडळी, बरं हाव का?’

पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. बाई खुर्चीतून उठल्या. आणि भाऊ रडायला लागला.

हेच ते पाप, असं तुम्हाला वाटलं असेल. नाही, हे नाही. हे मी परतीच्या वाटेवर टेम्पोत सांगून टाकणार होतो. मनात वाक्यही जुळवलं होतं. पण देहूरोडला भाऊनं टेम्पो थांबवला, मिठाईच्या दुकानात शिरला आणि पेढे घेऊन आला. घरात मूल झाल्यावर वाटतात तसे पेढे. दुकानदाराला, रस्त्यानं चाललेल्या दोन जवानांना, सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षावाल्याला. ‘आमचा बाळ बोलला,’ म्हणत होता. माझ्याही तोंडात पेढा कोंबला. तोंडात पेढा असताना कसं सांगणार? रात्रीपर्यंत गावभर पेढे गेले होते. आता तुम्हीच बघा, गावभर पेढे गेल्यावर बोललेला पोपट परत मुका करता येतो का?

मग ते चालूच राहिलं. मास्क कायमचा झाला. माणसांचा संसर्ग जनावरांना होऊ नये म्हणून, असं मी माइकवरून सांगायचो, आणि लोक माना डोलवायचे. सरपंच निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यांत वाढदिवसाच्या मुलांना आशीर्वाद द्यायचा, कंपनीच्या मॅनेजरला ओव्हरटाइमचं विचारायचा. एका आजोबांनी भाऊला विचारलं होतं की पोपट आफ्रिकेतला आणि बोलतो लातूरसारखा, हे कसं? भाऊनं गंभीरपणे सांगितलं, विकणारा तिकडचाच असंल.

आणि मला — हे सांगायला जड जातंय — मला ते आवडायला लागलं. माझं स्वतःचं बोलणं कुणी ऐकत नव्हतं. तेच वाक्य सरपंचाच्या नावावर टाकलं की माणसं पोट धरून हसायची. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या विनोदाला टाळ्या पडत होत्या, आणि घेणारा दुसराच होता. तरीही रात्री घरी जाताना मी खूश असायचो.

सरपंच मात्र छातीवरची पिसं उपटायला लागला होता. आधी एखाद-दुसरं, मग मूठमूठभर. जनावरांचे डॉक्टर म्हणाले की स्पीकरच्या आवाजाचा आणि सतत नव्या माणसांचा त्रास असावा, काही महिने घरी राहू द्या. पिसं उपटू नयेत म्हणून वहिनींनी, म्हणजे भाऊच्या बायकोनं, त्याला जुन्या कापडाचं बिनबाह्यांचं जाकीट शिवलं. मी ते बघितलं आणि काय म्हणालो असेन? म्हणालो, वा, आता शोभतो सरपंच. पुढच्या कार्यक्रमाला जाकिटाला सगळ्यात मोठा हशा मिळाला. खालची उघडी छाती कुणाला दिसली नाही.

त्याच सुमारास सरकारचा मसुदा आला. पाळीव आणि परदेशी प्राणी घेऊन फिरते कार्यक्रम करणाऱ्यांवर निर्बंध. प्रत्येक फेरीला परवानगी, प्रेक्षकांनी हात लावायचा नाही, स्पीकर लावायचा नाही, दोन कार्यक्रमांत जनावराला सक्तीची विश्रांती. ज्यांच्या हरकती असतील त्यांनी सुनावणीला या. माझी हरकत होती. स्पीकर नाही तर सूत्रसंचालक कशाला? मी पुढाकार घेतला. इग्वानावाले, सापवाले, ससे-कोंबड्या घेऊन शाळांत जाणारे, सगळ्यांना गोळा केलं आणि भाषण लिहिलं. आम्ही सर्कसवाले नाही, आमची घरची जनावरं आहेत, गरीब पोरांना दुसरीकडं हे बघायला मिळत नाही. यातलं बरंचसं खरंही होतं. खऱ्याच्या आधारानं मी उभा होतो.

सुनावणी पिंपरीत एका सभागृहात होती, नेमकी गुरुवारी. समोर समितीचे तिघे, मधे एक बाई, अधिकारी. मी मास्क लावून भाषण केलं. नेहमीप्रमाणे कुणी ऐकलं नाही. मग निर्बंधांच्या बाजूनं एक मुलगी उठली, प्राण्यांसाठी काम करणारी, सुती कुर्ता, आवाज अजिबात न चढवणारी. तिचं म्हणणं चांगलं होतं, हे मी आज कबूल करतो. ती म्हणाली की इथं प्रत्येकानं पोरांना काय आवडतं ते सांगितलं, स्वतःला काय परवडतं ते सांगितलं. प्राण्यांना यायचं असतं का, हे कुणी विचारलंय?

आणि माझ्या शेजारून भाऊ उठला.

‘आमी इचारलंय, ताई,’ तो म्हणाला. ‘काल सांजच्यालाच इचारलं. तो व्हय म्हनला.’

सभागृह हसलं. भाऊ हसला नाही. त्यानं बाईंना सांगितलं की सरपंच बाहेर वॉचमनजवळ आहे, विश्वास नसेल तर आत आणतो, तुम्हीच विचारा. बाईंना दिवसभर हरकती ऐकून कंटाळा आला असणार. त्यांनी आणायला सांगितलं. जाकीट घातलेला सरपंच भाऊच्या खांद्यावर बसून आत आला तेव्हा लोक अक्षरशः उभे राहिले. बाईंनी हसत विचारलं, काय सरपंच, कार्यक्रम आवडतात का?

मी भाऊच्या मागं उभा होतो. गप्प राहता आलं असतं. पोपट रोज थोडाच बोलतो? सगळ्यांनी समजून घेतलं असतं. पण शंभर माणसं श्वास धरून वाट बघत होती, आणि सूत्रसंचालकाला तशी शांतता सहन होत नाही.

‘लई बरं वाटायलंय, बाई,’ सरपंच म्हणाला.

बाई खुर्चीत मागं रेलून हसल्या. त्या आमच्याच भागातल्या निघाल्या. पक्षी आपल्याकडचा दिसतोय, असं शेजारच्या सदस्याला म्हणाल्या. वर माझ्या मास्ककडं बोट दाखवून, आरोग्याची एवढी काळजी घेणारे लोक असतील तर सरसकट निर्बंध कशाला, असंही म्हणाल्या. फक्त ती मुलगी हसत नव्हती. ती पोपटाकडं बघतच नव्हती. ती माझ्या गळ्याच्या घाटीकडं बघत होती. नंतर पार्किंगमध्ये मला गाठून हळूच म्हणाली, ‘जाकिटाच्या आत काय आहे, दादा?’ मी म्हणालो, पिसं झडायचे दिवस आहेत. ती वळून निघून गेली. तिनं भांडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

मसुदा फेरविचाराला गेला. पेपरात सरपंचाचा फोटो आला. आम्हाला आधीच्या दुप्पट कार्यक्रम मिळाले. सरकारी समितीपुढं पोपटाची खोटी साक्ष — हे सांगण्यासारखं पाप आहेच. पण मी त्याच्याही आडून बोलतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. भाऊ सभागृहात काय म्हणाला होता? काल सांजच्यालाच इचारलं. त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलंय, मुद्दामच राहिलंय.

आदल्या दिवशी, बुधवारी, भाषण वाचून दाखवायला मी भाऊकडं गेलो होतो. भाऊ शिफ्टवरून आलेला, हातपाय धुतलेले. त्यानं माझं भाषण पुरतं ऐकलं आणि म्हणाला की हे सगळं ठीक आहे, पण डॉक्टर असं म्हणतात, छाती अशी झालीय, त्या मसुद्यात विश्रांतीचं लिहिलंय ते काही वाईट नाही. उद्या जाऊन हरकत घ्यायची की आपणच कार्यक्रम थांबवायचे, त्याचं ठरत नव्हतं. मग तो उठला, पिंजऱ्याजवळ गेला आणि जमिनीवर मांडी घालून बसला. माझ्याकडं त्याची पाठ होती. मी खाटेवर, हातात चहाचा कप. वहिनी आत भाकरी थापत होत्या, त्याचाच काय तो आवाज.

‘बाळा,’ भाऊ म्हणाला, ‘तुला फिरायचा तरास व्हतो का रं? खरं सांग. तू नगं म्हनलास तर म्या उद्यापास्नं टेम्पो काढनार न्हाई.’

आणि थांबला. खरंच थांबला, उत्तरासाठी. माणसाला प्रश्न विचारून थांबतात तसा. आपण जनावरांना विचारतो ते उत्तर ऐकायला थोडंच विचारतो? भाऊ ऐकायला बसला होता, कारण त्याच्या लेखी हा पोपट शहाणा होता, बोलता होता, आणि खोटं बोलणारा नव्हता. सरपंचानं मान वाकडी केली. एक पीस उपटलं आणि खाली टाकलं.

त्यानं उत्तर दिलं होतं. मी ते बघितलं.

‘जाऊ की,’ मी म्हणालो. सरपंचाच्या आवाजात. मास्कसुद्धा नव्हता, कप तोंडाशी धरला होता. ‘जाऊ की भाऊ, तरास कशाचा?’

भाऊनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. चल, असं तुझं म्हणणं असेल तर, असं काहीसं पुटपुटला, आणि माझ्याकडं वळून हसला. इतकं मोकळं हसला की मी कपात बघत बसलो. हे का केलं, ते विचारू नका. कारण सांगता येईल, पण सांगितलं की ती सबब होईल.

पुढचं ऐका, ते जास्त हसण्यासारखं आहे. सुनावणीनंतर भाऊच्या मनानं एक हिशेब मांडला. सरपंच शाळेत बोलतो, बंगल्यात बोलतो, सरकारशी बोलतो. आपल्याशी घरात तेवढा बोलत नाही. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी समोर बसलो, एक शब्द नाही. परवा बोलला तेव्हा खोलीत कोण होतं? शाळेत कोण असतं? निष्कर्ष अगदी बरोबर होता, फक्त उलटा निघाला. एका गुरुवारी तो आमच्या चिखलीच्या फ्लॅटवर आला. पिंजरा धुऊन लख्ख केलेला, सोबत पिशवीत मिरच्या, शेंगदाणे, दोन जाकिटं.

‘तुज्यावर जीव हाय त्याचा,’ तो म्हणाला. ‘तू असलास की बोलतो. माज्याजवळ उगा गप बसून झुरतोय, म्हनून पिसं उपाटतोय. ठिऊन घे.’

मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायचं तर खरं कारण सांगावं लागलं असतं. म्हणून ठेवून घेतला. भाऊ जिना उतरताना कठड्याला धरून उतरत होता.

घरात बायको आणि मुलगी सरपंचाच्या बोलण्याची वाट बघत बसल्या. घरात मास्क कुठून आणणार? मी न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, खिडकीतून गॅलरीकडं बोलायला लागलो. बायको म्हणते, हा पोपट तुम्ही आंघोळीला गेल्यावरच बरा बोलतो, तुमच्यासमोर लाजतो की काय. हसा. मीही हसलो होतो, साधारण आठवडाभर.

मग एका संध्याकाळी, शिफ्ट सुटायच्या वेळेला, मी पेपर वाचत होतो आणि भाऊची मोटारसायकल आली. ती जुनी गाडी बंद करताना दोनदा गचके खाते, मग स्टँड लावल्याचा खट्ट आवाज होतो, मग भाऊ खोकतो आणि दाराची कडी वाजवतो. मी उठून दार उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं. मागं वळलो, तर गॅलरीतून पुन्हा तेच आलं, पहिल्यापासून. गचके, स्टँड, खोकला, कडी. सरपंच दांडीच्या या टोकाला आला होता आणि उघड्या दाराकडं बघत होता.

तो बोलत होता. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा स्वतःचं काही बोलला, आणि ते एवढंच. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा बोलला. आता रोज बोलतो. माझ्या मुलीला वाटतं, गाडीची नक्कल करतोय. ती मैत्रिणींना बोलावून ऐकवते.

भाऊला मी हे सांगितलेलं नाही. उलट सांगितलं की संध्याकाळी सरपंच दमलेला असतो, चिडतो, तेव्हा तुम्ही सकाळीच येत जा. त्यानं लगेच ऐकलं. शाळांना सुट्टी लागल्यापासून दर गुरुवारी सकाळी येतो, उंबऱ्याशी चपला काढतो, आणि पिंजऱ्याजवळ खाली मांडी घालून बसतो. सरपंच सरकत सरकत दांडीच्या त्याच्या बाजूला येतो आणि जाळीतून त्याच्या बोटाला चोच लावून बसून राहतो. छाती आता पुरती उघडी झालीय. जाकीट वाढवून घेतलंय.

या गुरुवारी भाऊनं त्याला विचारलं, ‘हितं बरं हाय ना, बाळा? का येतोस घरी?’ आणि थांबला.

मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो. तिथून भाऊची पाठ दिसत होती.

मी उत्तर दिलं. भाऊनं ऐकलं, मान डोलावली, चहा घेतला, आणि मला म्हणाला की तुझ्यामुळं त्याचं बरं चाललंय. मग तो गेला, आणि मी दार लावून घेतलं.